रिकाम्या हातांची विद्या

संध्याकाळच्या वेळी एखाद्या शाळेच्या पटांगणावर पांढरे पोशाख घातलेली मुले रांगेने उभी राहून एका तालात हातपाय हालवीत आहेत, असे दृश्य तुम्ही पाहिले असेल. कदाचित तुम्हांपैकी काही जण त्या रांगेत स्वतः उभेही राहिले असतील. या विद्येचे नाव कराटे. सणसणीत सुटणारे ते ठोसे आणि त्या लाथा पाहिल्या म्हणजे ही केवळ मारामारीची विद्या असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या विद्येची ‘शोतोकान’ नावाची एक प्रमुख शैली ज्यांच्या शिकवणीतून उभी राहिली, त्या आचार्यांनी आपल्या शिष्यांना घालून दिलेला नियम अगदी निराळा होता. पहिला प्रहार आपण कधीही करावयाचा नाही, हा तो नियम होय. प्रहार करावयास शिकवावयाचे आणि प्रहार करू नका असेही सांगावयाचे, हा विरोध नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर त्या आचार्यांच्या चरित्रातच सापडते. त्यांचे नाव फुनाकोशी गिचिन. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी आणि नाव मागून येते, हे येथे ध्यानात ठेवावे.

जपानच्या दक्षिणेस, क्यूशू आणि तैवान यांच्या दरम्यान, बेटांची एक लांबलचक माळ समुद्रात पसरलेली आहे. तिच्यातील सर्वांत मोठे बेट म्हणजे ओकिनावा. या ठिकाणी पूर्वी र्‍युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते व शुरी ही त्याची राजधानी होती. र्‍युक्यूची गलबते चीन, जपान आणि आग्नेय आशिया यांच्या बंदरांतून व्यापार करीत. चीनशी तर त्या राज्याचा चौदाव्या शतकापासून निकटचा संबंध होता. या दळणवळणातून चिनी मुष्टियुद्धाची कला ओकिनावात आली आणि तेथील मूळच्या युद्धकलेत मिसळून गेली. ओकिनावाचे लोक आपल्या या कलेला नुसते ‘ते’ म्हणत. ‘ते’ या शब्दाचा अर्थ हात.

इ. स. १६०९ मध्ये जपानमधील सात्सुमा प्रांताच्या सरदारांनी र्‍युक्यूवर स्वारी करून तेथील राजाला आपल्या अंकित केले. लोकांची शस्त्रे काढून घेतली गेली, म्हणून शेतकऱ्यांनी रिकाम्या हातांनी लढण्याची कला शोधून काढली, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. ही कथा मनोवेधक खरी. परंतु आजचे अभ्यासक ती जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत. ज्या जुन्या गुरूंची नावे आपणांस ठाऊक आहेत, ते बहुतेक राजसेवेतील प्रतिष्ठित घराण्यांतील होते. ही कला गाजावाजा न करता, गुरूने निवडक शिष्याला शिकवावी, अशीच तेथील परंपरा होती.

अशाच एका घराण्यात, १८६८ मध्ये, शुरी येथे फुनाकोशी गिचिन यांचा जन्म झाला. मूल दिवस पुरे होण्यापूर्वीच जन्मले होते आणि इतके अशक्त होते की, ते फार दिवस जगणार नाही असे घरच्या मंडळींना वाटे. आजीआजोबांनी त्याला मोठ्या मायेने वाढविले. पुढे प्राथमिक शाळेत एका मुलाशी त्याची मैत्री जमली. त्या मुलाचे वडील आसातो आंको हे ‘ते’ विद्येतील नामांकित पुरुष होते. फुनाकोशी त्यांच्याकडे शिकावयास जाऊ लागले. दोन-तीन वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की, आपली प्रकृती पालटली आहे आणि पूर्वीचा अशक्तपणा कोठल्या कोठे पळाला आहे. ज्या विद्येने आपल्याला आरोग्य दिले, तिची कास मग त्यांनी जन्मभर सोडली नाही.

त्या काळी ही विद्या उघडपणे शिकता येत नसे. म्हणून बाल फुनाकोशी रात्री हातात कंदील घेऊन गुरुगृही जात. अंगणात मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. आसातो पडवीत ताठ बसून शिष्याकडे पाहात राहात. ठराविक क्रमाने बांधलेल्या पवित्र्यांच्या मालिकेला ‘काता’ म्हणतात. एकच काता रात्रीमागून रात्र, महिन्यामागून महिना करावी लागे. ती पुरती अंगी बाणल्यावाचून गुरू पुढची शिकवीत नसत. ‘पुन्हा एकदा कर,’ किंवा फार झाले तर ‘बरे आहे,’ एवढेच त्यांचे शब्द असत. आसातोंचे मित्र इतोसु आंको हेही फुनाकोशींचे गुरू झाले. तेक्की नावाच्या तीन काता शिकण्यास फुनाकोशींना दहा वर्षे लागली. तीन धडे आणि दहा वर्षे! नव्या गोष्टीची घाई झालेल्या आपल्या मनाला हे प्रमाण चमत्कारिक वाटेल. परंतु त्या गुरूंना शिष्याच्या ठिकाणी युक्त्यांचा साठा करावयाचा नव्हता. त्यांना त्याचे मन घडवावयाचे होते.

ते मन कसे घडले याची एक आठवण फुनाकोशींनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. एका रात्री ते आपल्या सासऱ्यांच्या घरी निघाले होते. तेथे पूर्वजांच्या वेदीपुढे ठेवण्यासाठी मिठाईचा एक पुडा त्यांनी बरोबर घेतला होता. झाडीतून जाणाऱ्या अंधाऱ्या रस्त्यावर दोन धटिंगण आडवे आले आणि दांडगाई करू लागले. फुनाकोशींच्या अंगी एव्हाना बळ आणि कौशल्य दोन्ही आले होते. मनात आणते तर त्यांनी त्या दोघांनाही लोळविले असते. तथापि त्यांनी हात उचलला नाही. हातातील पुडा त्या दोघांना देऊन ते शांतपणे पुढे गेले. पुढे ही हकीकत गुरूंच्या कानी गेली, तेव्हा त्यांना फार समाधान वाटले. मग वेदीपुढे तू काय ठेवलेस, असे त्यांनी विचारले. अंतःकरणपूर्वक केलेली प्रार्थना ठेवली, असे शिष्याने सांगितले. कराटेचे खरे मर्म आता तुला उमगू लागले आहे, असे म्हणून गुरूंनी त्यांना शाबासकी दिली.

या गोष्टीचा नीट विचार करा. अंगात बळ नसलेला मनुष्य भांडण टाळतो, तेव्हा त्याने भीतीने टाळले की शहाणपणाने, हे कोणी सांगावे? परंतु ज्याला जिंकता आले असते, तो जेव्हा हात आवरतो, तेव्हा त्याने आपल्या क्रोधावर आणि अहंकारावर विजय मिळविलेला असतो. मिठाईच्या पुड्यासाठी कोणाचे हाड मोडावे, इतकी ती विद्या स्वस्त नव्हती. मात्र याचा अर्थ अन्याय निमूटपणे सोसावा असा नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले आणि दुसरा उपायच उरला नाही, तर या विद्येचा उपयोग करण्यास आडकाठी नव्हती. निरुपाय झाल्यावाचून मात्र तिच्याकडे वळावयाचे नव्हते.

फुनाकोशींचा व्यवसाय शिक्षकाचा होता. त्यांना खरे म्हणजे वैद्य व्हावयाचे होते. टोकियो येथील वैद्यकशाळेच्या प्रवेशपरीक्षेत ते उत्तीर्णही झाले होते. परंतु ओकिनावाचे कुलीन पुरुष जुन्या रीतीने डोक्यावर केसांचा बुचडा बांधीत आणि नव्या राजवटीत बुचडा राखणाऱ्यास त्या शाळेत प्रवेश नव्हता. १८७९ मध्ये र्‍युक्यूचे राज्य संपुष्टात येऊन ओकिनावा हा जपानचा एक प्रांत झाला होता. घरची मंडळी जुन्या वळणाची होती. बुचडा कापणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे असे त्यांना वाटे. त्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. पुढे १८८८ मध्ये ते शिक्षक झाले, तेव्हा मात्र बुचडा कापणे त्यांना भागच पडले. नंतरची तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी मुलांना शिकविण्यात घालविली.

दरम्यान कराटेचे रूपही पालटत होते. १९०१ च्या सुमारास इतोसु यांनी ही विद्या ओकिनावाच्या शाळांतून शिकविण्यास प्रारंभ केला. मुलांना झेपतील अशा सोप्या पाच काता त्यांनी रचल्या. अंगणातील अंधारात वाढलेली विद्या अशा रीतीने शाळेच्या उजेडात आली. १९२१ मध्ये जपानचे युवराज हिरोहितो युरोपच्या प्रवासास जाताना ओकिनावास थांबले, तेव्हा शुरीच्या किल्ल्यात त्यांच्यासमोर कराटेचे प्रयोग झाले. त्यांचे नेतृत्व फुनाकोशींकडे होते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२२ मध्ये, टोकियो येथे शारीरिक शिक्षणाचे एक मोठे प्रदर्शन भरले. ओकिनावाच्या वतीने कराटेची ओळख करून देण्यासाठी फुनाकोशी तेथे गेले. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. काम आटोपून घरी परतावे असा त्यांचा बेत होता. परंतु ज्यूदो या विद्येचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी बोलाविले. ते प्रात्यक्षिक सर्वांना अतिशय आवडले आणि ही विद्या येथेच राहून शिकवावी, असा आग्रह फुनाकोशींना होऊ लागला. ते टोकियोत राहिले.

पुढील काही वर्षे मोठ्या हलाखीत गेली. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका वसतिगृहात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. तिच्या मोबदल्यात ते वसतिगृहाची राखण करीत, खोल्या झाडीत आणि बागेची निगा राखीत. विद्यार्थी बाहेर गेले म्हणजे मोकळ्या झालेल्या दालनात ते कराटे शिकवीत. अंगावरचे कपडे गहाण टाकण्याचीही पाळी त्यांच्यावर आली. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला त्यांनी कराटेचे धडे दिले, तेव्हा त्याने त्यांच्या जेवणाच्या पैशांत थोडी सूट दिली! एके दिवशी फुनाकोशी बागेतील वाट झाडीत असता वर्तमानपत्राचा एक बातमीदार आला आणि कराटेचे आचार्य फुनाकोशी कोठे आहेत, असे विचारू लागला. त्याला क्षणभर थांबावयास सांगून ते खोलीत गेले, चांगला पोशाख करून दाराशी आले आणि मीच फुनाकोशी म्हणून त्यांनी त्याला अभिवादन केले. झाडूवाला आणि आचार्य एकच आहेत हे पाहून तो बातमीदार थक्क झाला. फुनाकोशींना मात्र त्यात काहीच वावगे वाटले नाही. हाती झाडू धरल्याने ज्याची विद्या उणी होते, त्याच्यापाशी ती मुळात नव्हतीच म्हणावयाची.

हळूहळू शिष्य वाढले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ स्थापन झाले आणि मग इतर विद्यापीठांतूनही तशी मंडळे निघाली. १९३० नंतरच्या दशकात शिष्यांनी आपल्या गुरूसाठी टोकियोत एक स्वतंत्र शाळा बांधली. फुनाकोशी चिनी वळणाच्या कविता करीत व त्यांखाली ‘शोतो’ असे टोपणनाव लिहीत. पाइन वृक्षांतून वारा वाहू लागला म्हणजे समुद्राच्या लाटांसारखा जो आवाज उठतो, त्याला ‘शोतो’ म्हणतात. शुरीजवळच्या डोंगरावर तरुणपणी एकटेच फिरताना तो आवाज त्यांनी मनात साठविला होता. ‘कान’ म्हणजे सदन. शिष्यांनी नव्या शाळेला ‘शोतोकान’, म्हणजे शोतोंचे सदन, असे नाव दिले. तेच नाव पुढे शैलीला मिळाले.

आता खुद्द ‘कराटे’ या शब्दाकडे वळू. पूर्वी हा शब्द ज्या चित्रलिपीत लिहीत, त्याप्रमाणे त्याचा अर्थ ‘चिनी हात’ असा होई. पण जपानी भाषेत ‘कारा’ या उच्चाराचे दुसरेही एक अक्षर आहे व त्याचा अर्थ रिकामा असा आहे. फुनाकोशींनी या दुसऱ्या अक्षराचा पुरस्कार केला. प्रारंभी ओकिनावात या बदलाला विरोध झाला. परंतु १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या तेथील आचार्यांनीही ‘रिकामा हात’ हाच अर्थ मान्य केला.

रिकामा म्हणजे केवळ शस्त्रावाचून असलेला, एवढाच अर्थ फुनाकोशींना अभिप्रेत नव्हता. हे अक्षर बौद्ध ग्रंथांतील ‘शून्य’ या संस्कृत शब्दासाठी चीन-जपानमध्ये वापरले जाते. भारतात उगम पावलेला शून्यतेचा विचार अशा रीतीने दूरच्या या विद्येला जाऊन मिळालेला दिसतो. मनातून स्वार्थ आणि गर्व काढून टाकून ते रिकामे ठेवावे, असे फुनाकोशी सांगत. आरसा स्वच्छ असला तरच त्यात समोरची वस्तू जशी आहे तशी उमटते. मन रागाने किंवा बढाईने भरलेले असले, तर समोरच्या माणसाचा हेतूही धड उमगत नाही. मग त्याचा प्रहार कोठून येणार हे कसे उमगावे? बांबू आतून पोकळ असतो, पण बाहेरून सरळ आणि चिवट असतो. माणसानेही तसेच असावे, असा त्यांचा दृष्टांत होता.

या विचाराची खूण शोतोकान शैलीच्या शिक्षणक्रमातही दिसते. तिच्या अभ्यासाची तीन अंगे आहेत. पहिले ‘किहोन’, म्हणजे ठोसा, लाथ, अडवणूक, उभे राहण्याचे पवित्रे यांचा पायाशुद्ध सराव. दुसरे ‘काता’, या शैलीत साधारणतः २६ काता शिकविल्या जातात. तिसरे ‘कुमिते’, म्हणजे जोडीदाराबरोबर करावयाचा सराव. यांपैकी कोणत्याही अंगाचा आरंभ वाकून नमन करण्याने होतो आणि शेवटही नमनानेच होतो. नवशिक्याला प्रथम जी ‘हेइआन शोदान’ नावाची काता शिकवितात, तिच्यात नमनानंतरची पहिली हालचाल प्रहाराची नसून, डावीकडे वळून येणारा प्रहार अडविण्याची आहे. पहिला प्रहार नाही हे तत्त्व अशा रीतीने मुलाच्या हातापायांतच मुरविले जाते.

फुनाकोशींनी आपल्या शिष्यांसाठी वीस सूत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी काहींचा आशय असा : आधी स्वतःला ओळखावे, मग दुसऱ्याला. संकट बेसावधपणातून उद्भवते. विद्या केवळ शाळेच्या चार भिंतींत राहात नाही. ती सगळ्या वागण्यात उतरली पाहिजे. कढत पाण्याखालचा जाळ काढला की ते निवते, तशीच सराव थांबला की ही विद्याही निवून जाते.

या वृद्ध आचार्यांच्या शेवटच्या वर्षांत दुःखाचे डोंगर कोसळले. जपान महायुद्धात उतरला. निरोप घेऊन रणांगणावर गेलेले कितीतरी तरुण शिष्य परत आले नाहीत. १९४५ मध्ये विमानहल्ल्यात शोतोकानची वास्तू भस्मसात झाली. त्याच वर्षी त्यांचा कर्तबगार मुलगा गिगो आजाराने वारला आणि ओकिनावाची भूमी युद्धाने होरपळून निघाली. ज्यांनी आयुष्यभर हात आवरावयास शिकविले, त्यांना प्रहारांनी उद्ध्वस्त झालेले जग पाहावे लागले. तरीही त्यांनी आपले व्रत सोडले नाही. उरलेले शिष्य पुन्हा एकत्र आले. १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन ही संस्था निघाली आणि ऐंशी वर्षांच्या फुनाकोशींना तिने आपले प्रमुख आचार्य मानले. २६ एप्रिल १९५७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फार दिवस जगणार नाही असे ज्याच्याविषयी बोलले गेले होते, तेच हे मूल!

पुढे कराटे जगभर पसरले. टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत, २०२१ मध्ये, त्याला स्थान मिळाले. सामन्यांत गुण असतात, पदके असतात, टाळ्या असतात. फुनाकोशींना मात्र कराटेच्या चढाओढी फारशा रुचत नसत; काता हाच त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. जपानमधील कामाकुरा येथील एंगाकुजी या बौद्ध मंदिराच्या आवारात १९६८ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्या शिळेवर त्यांच्या विजयांची यादी नाही. कराटेत पहिला प्रहार नसतो, हेच तत्त्व तेथे कोरलेले आहे.

शाळेत, खेळात, रस्त्यावर कोणीतरी आपल्याला डिवचतो आणि आपली मूठ आपोआप आवळली जाते, असा प्रसंग प्रत्येकावर येतो. त्या क्षणी मूठ उगारावयास फारसे शिक्षण लागत नाही. ती उघडावयास मात्र पुष्कळ वर्षांची तपश्चर्या लागते. रिकाम्या हातांची ही विद्या शिकविते ती हीच तपश्चर्या होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा :
(अ) ओकिनावातील ‘ते’ ही कला कोणत्या दोन प्रवाहांच्या मिश्रणातून घडली?
(आ) फुनाकोशींना वैद्यकाचा विचार का सोडावा लागला?
(इ) ‘शोतोकान’ हे नाव कसे पडले?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे सविस्तर लिहा :
(अ) मिठाईचा पुडा देऊन टाकणारे फुनाकोशी भित्रे होते, असे कोणी म्हटल्यास तुम्ही काय उत्तर द्याल?
(आ) ‘रिकामा’ या शब्दाचे कोणते दोन अर्थ या पाठात आले आहेत?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
कास न सोडणे, अंगी बाणणे, बट्टा लावणे, थक्क होणे, जिवावर बेतणे.

४. समास ओळखून विग्रह करा :
गुरुगृह, आजीआजोबा, आत्मचरित्र, हातपाय.

५. तुम्ही राग आवरल्यामुळे भांडण टळले, असा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.